नग्गरचं रोरिक संग्रहालय: वाचकांचे प्रश्न

सुटीच्या आखणीचे दिवस आले की कुलू-मनालीविषयीची पत्रं वाढतात. या वेळी त्यांतली बरीचशी नग्गरच्या एका घराविषयी आहेत. निकोलस रोरिक (१८७४–१९४७) हे रशियन चित्रकार मध्य आशियातली मोठी मोहीम आटोपून १९२८ मध्ये बियास नदीच्या डाव्या तीरावरच्या नग्गरला आले. तिथेच त्यांनी घर केलं, हिमालय रंगवला आणि तिथेच देह ठेवला. ते घर, त्याच्या आवारातल्या इमारती आणि चित्रं मिळून आजचं संग्रहालय होतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते इंटरनॅशनल रोरिक मेमोरियल ट्रस्टकडे आहे. निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं देत आहोत.

आम्ही पाच दिवसांचं मनाली पॅकेज घेतलं आहे. चौथ्या दिवशी ‘नग्गर कॅसल आणि रोरिक आर्ट गॅलरी’ आहे, पण ड्रायव्हर दोन्ही मिळून तासभरच देतो असं आधी जाऊन आलेले लोक सांगतात. तेवढ्यात बघून होईल का? की ते गाळून सोलंगला जास्त वेळ द्यावा? (सांगली)

तासाभरात होणार नाही. गाळू मात्र नका, दिवसाची मांडणी बदला. बहुतेक गाड्या सोलंग किंवा बाजार उरकून दुपारी दोन-तीनच्या सुमारास नग्गरला चढतात. त्या वेळी खोऱ्यावर ढग जमलेले असतात, रस्ता गाड्यांनी भरलेला असतो आणि चित्रांसमोर रांग लागलेली असते. लोक एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून बाहेर पडतात आणि ‘छोटंसंच आहे’ म्हणतात. दालन खरंच लहान आहे. म्हणूनच ते सावकाश बघायला हवं, नाहीतर हाती काहीच लागत नाही.

मनाली ते नग्गर डाव्या तीरावरच्या रस्त्याने साधारण २० किलोमीटर आहे. रस्ता मोकळा असेल तर पाऊण तास ते तास लागतो. सकाळी आठला मनाली सोडा आणि आधी नग्गरचा किल्लेवजा राजवाडा, म्हणजे कॅसल, गाठा. त्याच्या सज्जातून खोरं आणि बर्फाची शिखरं सकाळच्या उन्हात बघून घ्या. संग्रहालय दहाला उघडतं. कॅसलपासून ते वरच्या अंगाला साधारण सव्वा ते दीड किलोमीटरवर आहे आणि वाटेत त्रिपुरसुंदरीचं उतरत्या छपरांचं लाकडी देऊळ लागतं. दहाच्या ठोक्याला तिकीट काढलंत तर पहिला पाऊण तास दालन जवळजवळ तुमचंच असतं.

खालच्या मजल्यावर चित्रं आहेत. वरच्या मजल्यावरच्या राहत्या खोल्या बाहेरच्या लाकडी गॅलरीतून, खिडक्यांच्या काचांतून बघायच्या असतात. काचेला कपाळ लावून दोन्ही हातांनी उजेड अडवला तरच आतलं नीट दिसतं, नाहीतर काचेत आपल्या पाठीमागचे देवदारच दिसत राहतात. गॅरेजमध्ये कुटुंबाची जुनी डॉज मोटार आहे. घराखाली पायऱ्या उतरून गेलं की रोरिक यांच्या दहनस्थानाची शिळा आहे.

यानंतर बहुतेकांकडून जी गोष्ट सुटते ती उरुस्वती ही संस्था. आवारातून थोडं वर चालत गेलं की तिच्या इमारती लागतात. रोरिक कुटुंबाने १९२८ मध्ये ही हिमालयीन संशोधन संस्था काढली. वनस्पती, लोकजीवन, भाषा, तिबेटी वैद्यक अशा विषयांवर तिथे काम चालायचं. थोरले चिरंजीव युरी मोठे तिबेटतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे काम थांबलं. आज तिथे लोककला आणि वस्तूंचं संग्रहालय आहे. खालचं तिकीटच वर चालतं, म्हणून ते टाकून देऊ नका.

घर आणि चित्रांना दीड तास, उरुस्वतीला पाऊण तास, चढउतार आणि शिळेला अर्धा तास धरा. दुपारी एक ते दीड जेवणाची सुटी असते, त्यामुळे दहाला आत गेलात तर सगळं बरोबर बसतं. एजन्सीला ‘नग्गर अर्धा दिवस, सकाळी’ एवढं लेखी सांगा. ड्रायव्हरशी ऐनवेळी घासाघीस करून उपयोग होत नाही, त्याला त्याच दिवशी दुसरे पॉइंट दाखवायचे असतात. आमचं मत विचाराल तर एक रात्र नग्गरलाच काढा. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा या वेळचे डोंगर बघितले की चित्रांतले रंग कल्पनेतले वाटत नाहीत.

सोमवारी गेलो तर चालेल का? (जालना)

नाही, सोमवारी बंद असतं. उन्हाळ्यात संध्याकाळी सहापर्यंत आणि हिवाळ्यात पाचपर्यंत उघडं असतं, पण शेवटच्या तासाभरात कशाला जायचं? वाटेत चंदीगडचं सरकारी संग्रहालय बघणार असाल तर तेही सोमवारी बंद असतं, म्हणजे एका सोमवारमुळे दोन्ही हुकतात.

आईचं वय ७२, गुडघे दुखतात. तिला नेता येईल का? शिवाय उंचीचा त्रास होईल अशी तिला भीती आहे. (नाशिक)

उंचीची भीती सोडा. नग्गर साधारण १,८०० मीटरवर आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, त्याहून फार वर नाही. विरळ हवेचा त्रास बहुतेकांना २,५०० मीटरच्या वर जाणवू लागतो. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच निघा. नग्गरच्या आदल्या दिवशी त्यांना रोहतांगला नेऊ नका, कारण जवळजवळ ४,००० मीटरवर जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी अंग जड असतं.

गुडघ्यांचा प्रश्न खरा आहे. गाडी संग्रहालयाच्या फाटकाजवळपर्यंत जाते, पण आत सगळं उतारावर वसलेलं आहे. दालनापर्यंत काठी घेऊन जाता येईल. वरच्या खोल्या बघायला जिना आहे. शिळेकडे जाणाऱ्या पायऱ्या उतरताना सोप्या वाटतात आणि परत चढताना दम काढतात. उरुस्वतीचा रस्ता चढाचा आहे. आईंना दालन दाखवा, नंतर बागेत घराच्या बाजूला बसवा आणि बाकीच्यांनी पाळीपाळीने खालीवर जाऊन यावं. देवदारांखाली दगडी मूर्ती मांडल्या आहेत. त्यांत घोड्यावर बसलेला गुगा चौहान हा या भागातला लोकदेव आहे. आपल्याकडचे वीरगळ पाहिलेल्या कुणालाही त्या मूर्तींशी लगेच ओळख पटेल. आईंचा तिथे चांगला वेळ जाईल.

कॅसल ते संग्रहालय हा रस्ता अरुंद आहे. बारा-सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर असेल तर समोरून गाडी आली की अडकतो आणि वर वळवायला जागा कमी पडते. मोठी गाडी कॅसलजवळ ठेवून आईंसाठी स्थानिक छोटी टॅक्सी करा. पावसानंतर देवदाराच्या सुयांचा थर निसरडा होतो. बूट रबरी तळाचे हवेत, सपाट चपला नकोत.

मी कला महाविद्यालयात शिकतो. रोरिक यांची चित्रं पुस्तकात आणि मोबाइलवर भडक निळी-जांभळी दिसतात. प्रत्यक्षातही तशीच आहेत का? ‘टेम्पेरा’ म्हणजे नक्की काय, आणि तिथे जाऊन काय बघावं? (कोल्हापूर)

प्रत्यक्षात चित्रं शांत आहेत आणि बहुतेक जण धरतात त्याहून लहान. त्यांची कितीतरी हिमालयचित्रं साधारण ३० बाय ४५ सेंटिमीटरची आहेत. मोबाइलचा पडदा मागून उजळलेला असतो, त्यामुळे निळा रंग पेटल्यासारखा दिसतो. छापील प्रतीत छापणारा रंग गडद करतो. मूळ चित्राचा पृष्ठभाग मात्र मॅट, खडूसारखा कोरडा असतो.

याचं कारण माध्यमात आहे. रोरिक यांनी सुरुवातीला तैलरंग वापरले आणि पुढे मुख्यतः टेम्पेरा. तैलरंगात रंगाचे कण तेलात बुडालेले राहतात. तेल सुकून त्याचा पारदर्शक थर होतो, तो चकाकतो आणि वर्षानुवर्षांत पिवळा-काळपट पडतो. टेम्पेरात रंगाची पूड पाण्यात मिसळणाऱ्या चिकट द्रव्यात कालवलेली असते, उदाहरणार्थ अंड्याचा बलक, सरस किंवा दुधातलं केसिन. पाणी उडून गेलं की चिकट द्रव्य थोडंच उरतं आणि कण पृष्ठभागावर उघडे राहतात. उजेड त्यांच्यावर पडून सगळीकडे विखुरतो, म्हणून रंग चकाकत नाही, आतून उजळ वाटतो. अशा पृष्ठभागावर वॉर्निश चढवलं की रंग ओला केल्यासारखा गडद होतो आणि सगळा नूरच बदलतो. बोटाचं तेल लागलं तर डाग निघत नाही. तिथे कुणी ‘हात लावू नका’ म्हणालं तर ते याच कारणाने.

हे हाताने करून बघितल्याशिवाय कळणार नाही. एक ताजं अंडं फोडा. बलक तळहातावर घेऊन या हातातून त्या हातात सरकवत पांढरा भाग टिश्यूने पुसून काढा. बलकाची पिशवी चिमटीत धरून खालून टोचा, आतला द्रव वाटीत पडू द्या आणि पिशवी टाकून द्या. द्रवाइतकंच पाणी आणि तीन-चार थेंब व्हिनेगर घाला. रंगाची कोरडी पूड पाण्यात घोटून दाट लगदा करा, मग लगदा आणि बलकाचं मिश्रण समसमान घ्या. चाचणी अशी: थोडा रंग काचेवर लावून सुकू द्या आणि ब्लेडने खरवडा. लवचीक पट्टी निघाली तर प्रमाण बरोबर आहे. भुगा झाला तर बलक कमी आहे. चकाकला आणि चिकट राहिला तर बलक जास्त आहे. हे मिश्रण त्या दिवसापुरतंच वापरा. ते लाकडी फळीवर किंवा हार्डबोर्डवर, खडू-सरसाच्या अस्तरावर लावा. ताणलेल्या कापडावर बलकाचा थर कडक होऊन तडकतो, तिथे जास्त लवचीक द्रव्य लागतं. रोरिक यांची कापडावरची टेम्पेरा चित्रं म्हणूनच या घरगुती कृतीशी तंतोतंत जुळणार नाहीत. रंग कसा बसतो, तो मॅटपणा मात्र हाताला कळेल.

आता डोंगरांबद्दल. सह्याद्रीत आपल्याला सवय असते की जवळची रांग गडद आणि पुढच्या एकेक रांगा फिकट होत धुरकटात विरतात. हवेतली धूळ आणि बाष्प ते करतं. पाऊस संपल्यानंतरच्या हिमालयात हवा कोरडी आणि स्वच्छ असते, त्यामुळे दूरचं शिखरही कापून लावल्यासारखं धारदार दिसतं आणि अंतराचा अंदाज चुकतो. रोरिक यांच्या चित्रांतले एकावर एक ठेवलेले सपाट रंगपट्टे आणि स्पष्ट कडा याच अनुभवातून येतात. बर्फावरच्या सावल्या निळ्या का, याचंही उत्तर साधं आहे. सावलीतल्या बर्फावर सूर्याचा थेट उजेड पडत नाही. तिथे फक्त निळ्या आकाशाचा उजेड पोचतो आणि पांढरा बर्फ तोच परत देतो. कलत्या उन्हात शिखर गुलाबी आणि त्याची सावली जांभळट निळी, हे तुम्ही नग्गरला उघड्या डोळ्यांनी बघू शकता.

बाकी शैलीत बरंच काही रशियातून आलेलं आहे. तिथल्या धार्मिक चित्रांची सपाट रंगयोजना त्यात आहे आणि रंगभूमीसाठी केलेल्या कामाची सवयही आहे. १९१३ मध्ये पॅरिसला झालेल्या स्त्राविन्स्की यांच्या ‘वसंताचं अनुष्ठान’ या बॅलेचं नेपथ्य आणि वेशभूषा रोरिक यांचीच होती. मोठं दृश्य तीन-चार पट्ट्यांत बसवायचं आणि माणूस अगदी लहान ठेवायचा, ही रंगमंचाची नजर आहे.

बघण्याची पद्धत सांगतो. आधी दोन मीटरवर उभे राहा आणि चित्रात किती पट्टे आहेत ते मोजा. मग हातभर अंतरावर या आणि एका पट्ट्याची कड दुसऱ्याला कुठे भिडते ते बघा. तिथे रंग मिसळलेला नाही, शेजारी ठेवलेला आहे. काचेवर चकाकी येत असेल तर समोरून अर्धं पाऊल बाजूला व्हा. सगळी चित्रं बघायचा हट्ट सोडा आणि तीन निवडा. नावाची पाटी मात्र वाचा, कारण तिथे धाकटे चिरंजीव स्वेतोस्लाव यांचंही काम आहे. मोठ्या मानवाकृती आणि व्यक्तिचित्रं दिसली तर ती बहुधा मुलाची असतात.

दालनात फोटो काढण्याविषयी काउंटरवरचा नियम पाळा. त्याऐवजी वही न्या. सकाळी बाहेर बसून वीस मिनिटांत एक रेखाटन करा: खाली देवदारांचा गडद पट्टा, मधे निळ्या रांगा, वर बर्फ. पोस्टर कलर चालतील, त्यांचा मॅटपणा जवळचा आहे. मग तेच कागद घेऊन दालनात जा.

मुलं ८ आणि ११ वर्षांची आहेत, कंटाळतील का? (वसई)

दालनात पंधरा मिनिटांच्या वर ठेवलंत तर कंटाळतील. आधी मोटार आणि दगडी घोडेस्वार दाखवा. मग त्यांना एक खूण शोधायला सांगा: लाल वर्तुळात तीन लाल गोल. युद्धात संग्रहालयं, देवळं, ग्रंथालयं यांच्यावर हल्ला होऊ नये म्हणून रोरिक यांनी एका आंतरराष्ट्रीय कराराचा आग्रह धरला. १५ एप्रिल १९३५ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका खंडातल्या देशांनी त्यावर सह्या केल्या. ती खूण त्या कराराच्या ध्वजावरची आहे. अकरा वर्षांच्या मुलाला हे नीट समजतं, सोपं करून सांगायची गरज नाही. खाली येताना सिड्डू खायला घाला. अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरलेली, आंबवलेल्या कणकेची ती उकड असते आणि वर तूप. ती ऑर्डर दिल्यावर वाफवतात, अर्धा तास लागतो, म्हणून बसल्याबसल्या आधी तेच सांगा.

गोव्याहून किंवा मुंबईहून रेल्वेने कसं जावं? आणि जुलैमध्ये स्वस्त पडतं म्हणून तेव्हा जावं का? (मडगाव)

जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. स्वस्त असण्याचं कारणच ते आहे. मंडी ते मनाली हा महामार्ग बियासच्या कडेने जातो आणि जुलै २०२३ च्या पुरात नदीने तो जागोजागी तोडला होता. दरड पडली की एक-दोन दिवस अडकायची तयारी हवी. शिवाय ढगांमुळे डोंगर दिसत नाहीत आणि या संग्रहालयाची अर्धी मजा तिथेच जाते.

मडगावहून चंदीगडला गोवा संपर्कक्रांती आहे, कोकण रेल्वेनेच जाते. ती रोज नसते, वार बघून आखणी करा. मुंबई-पुण्याहून विमानाने चंदीगड किंवा रेल्वेने दिल्ली-चंदीगड आणि पुढे बस. रात्रीची मनाली बस पहाटे कुलू ओलांडते. नग्गरसाठी मनालीपर्यंत जायची गरज नाही. कुलू आणि मनालीच्या मधे पतलीकुहल आहे, कंडक्टरला चढतानाच सांगून तिथे उतरा. बियासवरचा पूल ओलांडला की नग्गर पाच-सहा किलोमीटर चढावर. पहाटे टॅक्सी लगेच मिळत नाही, मुक्कामाच्या ठिकाणी आधी कळवा. भुंतरचा विमानतळ जवळ आहे, पण खोरं अरुंद असल्याने हवा बिघडली की विमान रद्द होतं. परतीच्या दिवशी त्याच्या भरवशावर मुंबईचं पुढचं तिकीट काढू नका.

आमची पसंती दिवाळीच्या सुटीला. सफरचंदांचा हंगाम संपून ट्रकची वर्दळ कमी झालेली असते, हवा स्वच्छ असते आणि वरच्या शिखरांवर नवा बर्फ असतो. त्याआधी दसऱ्याला गेलात तर विजयादशमीपासून आठवडाभर चालणारा कुलूचा दसरा गाठता येतो, पण खोल्या महिनोन्महिने आधी ठरवाव्या लागतात. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी नग्गरलाही बर्फ पडतो. संग्रहालयाच्या चढावर तो गोठला की गाडी वर जात नाही.

देविका राणी आणि रोरिक कुटुंबाचा संबंध काय? तिथे त्यांचं काही बघायला मिळतं का? (मालाड, मुंबई)

तुमच्या मालाडमध्येच १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज उभी केली. राय यांचं १९४० मध्ये निधन झालं. १९४५ मध्ये देविका राणींनी स्वेतोस्लाव रोरिक यांच्याशी लग्न केलं आणि चित्रपटसृष्टी सोडली. दादासाहेब फाळके पुरस्काराच्या पहिल्या मानकरी त्याच. नग्गरला त्या राहिल्या, पण दोघांचं पुढचं आयुष्य मुख्यतः बंगळूरजवळच्या तातगुणी इस्टेटवर गेलं. स्वेतोस्लाव १९९३ मध्ये आणि देविका राणी १९९४ मध्ये गेल्या. आवारात त्यांचे फोटो आणि आठवणी आहेत. स्वेतोस्लाव यांची चित्रं नीट बघायची असतील तर बंगळूरच्या कर्नाटक चित्रकला परिषदेत जा, तिथे पितापुत्र दोघांचीही दालनं आहेत.

एका ओळखीच्या दलालाने रोरिक यांचं ‘मूळ छोटं चित्र’ देऊ केलं आहे. घ्यावं का? मुलगी परदेशात असते, तिला भेट द्यायचं आहे. (पुणे)

घेऊ नका. १९७२ च्या पुरावशेष आणि कलासंपदा कायद्याखाली ज्या मोजक्या चित्रकारांचं काम कलासंपदा म्हणून जाहीर झालं आहे, त्यांत रवी वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय यांच्या बरोबरीने निकोलस रोरिक आहेत. मूळ चित्र असेल तर ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेणं गुन्हा ठरतो. म्हणजे चित्र खोटं असेल तर पैसे गेले आणि खरं असेल तर भेट देता येणार नाही. लहान आकार, साधे पट्टे आणि मॅट रंग यांमुळे या चित्रांची नक्कल करायला बनावटवाले सरसावतात. मालकी कुणाकडून कुणाकडे गेली याची सलग कागदपत्रं नसतील तर पुढे बोलूच नका.

मुलीला संग्रहालयातूनच छापील प्रत घ्या, ती कुठेही नेता येते. घडी घालू नका, छापलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि कडक नळीत भरा. आतल्या बाजूला गुंडाळली तर मॅट शाई उलगडताना चुरगळते. काचेची चौकट करताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटबोर्डची कड ठेवा. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात काचेला चिकटलेला कागद पुन्हा सुटत नाही. आणि भिंत अशी निवडा, जिच्यावर ऊन येत नाही: छापील निळा टिकतो, पण गुलाबी आणि पिवळा आधी उडतात, आणि मग शिखरावरचं ऊनच निघून जातं.